बाळंतपणाचा कागद



भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर आमच्या ओळखीचे एक कुटुंब राहते. घरधनी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला आहेत. बाई घरी बसून इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवतात. थोरल्या मुलीचे लग्न दोन वर्षांपूर्वी झाले. जावई एसी दुरुस्तीचे काम जाणणारा, मेहनती मुलगा. लग्नानंतर सहाएक महिन्यांनी तो दुबईला नोकरीवर गेला. मध्यंतरी रजेवर येऊन गेला आणि आता मुलीला तिसरा महिना आहे.

परवा रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर ही माऊली मुलीला घेऊन आमच्याकडे आली. हातात पिशवी, पिशवीत कागद. म्हणाली, "भाऊ, एवढं वाचून सांगा. जावईबापू म्हणतात, व्हिजिट व्हिसावर पाठवून द्या, बाळंतपण इकडंच करू. मी म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरचं. ह्यांचं म्हणणं, नवऱ्यानं बोलावलंय तर जाऊ दे. तुम्ही काय म्हणता?"

आम्ही म्हणालो, आमचे म्हणणे राहू द्या, आधी कागद काय म्हणतात ते पाहू.

पिशवीत मुलीचा पासपोर्ट होता. लग्नाची पत्रिका होती. बौद्ध विवाहाचे प्रमाणपत्र जपून कव्हरात घातलेले होते. महानगरपालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला मात्र नव्हता. विम्याचा एकही कागद नव्हता. "तिकडे दवाखान्याचा खर्च कोण करणार?" असे आम्ही विचारले. आई म्हणाली, "नवरा आहे की." मुलगी खाली बघत राहिली, काहीच बोलली नाही.

आम्हाला त्याच वेळी शेजारच्या गल्लीतली जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी तिथली एक मुलगी अशीच व्हिजिट व्हिसावर नवऱ्याकडे आखातात गेली होती. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागले. प्रवासाचा विमा होता, पण त्यात बाळंतपण बसत नव्हते. बिल रोख भरावे लागले. घरातले सोने गेले, मित्रांची उसनवारी झाली आणि तो मुलगा पुढची दोन वर्षे नुसते कर्ज फेडत होता. बाळ जगले, हे आपले नशीब. पण नशिबावर बाळंतपण सोपवायचे नसते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

माता रमाईचे दुःख आणि बाबासाहेबांचे भाषण

बाबासाहेब परदेशात शिकत असताना रमाईने मुंबईत कसे दिवस काढले, हे आपण प्रत्येक रमाई जयंतीला ऐकतो. त्यांच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले, चार लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलै महिन्यात. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो आणि ती त्यागाची आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या काळात गरीब आईच्या पाठीशी ना कायदा होता, ना दवाखान्याचा आधार. बाळंतपण ही त्या बाईची आणि तिच्या घराची खाजगी बाब समजली जाई.

राजरत्न गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ च्या जुलैमध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले. बाबासाहेब त्या सभागृहाचे सभासद होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा आणि बाईच्या श्रमावर फायदा मिळवणाऱ्या मालकानेही उचलावा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा. पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला, १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला, २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आता हे सारे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये एकत्र केले आहे.

बाबासाहेबांनी त्या दिवशी जो विचार मांडला, तो आपण पाठ करायला हवा. बाळंतपणाचा खर्च हा बाईवर केलेला उपकार नाही, ती समाजाची जबाबदारी आहे. म्हणून त्याबद्दल आधी विचारणे, लेखी मागणे, यात लाज कसली? नवऱ्याला विचारले तर त्याचा अपमान झाला, कंपनीला विचारले तर नोकरी जाईल, या भीतीने गप्प राहायचे आणि मग दवाखान्याच्या दारात हात पसरायचे, ही आपली रीत नव्हे.

ना बापाच्या कार्डात, ना नवऱ्याच्या

आता केबिन रोडवरच्या मुलीची अवस्था पाहा. वडिलांचे ईएसआयचे कार्ड आहे. ती अविवाहित होती तोवर त्यांच्या कार्डावर तिला दवाखाना मिळत होता. लग्न झाले आणि ती त्या कार्डातून बाहेर पडली. जावई इथे नोकरीला होता तेव्हा त्याच्या कार्डावर तिचे नाव होते. तो परदेशी गेला आणि ते कार्डही संपले. दुबईतल्या कंपनीने त्याचा विमा काढला असेल, पण ही अजून तिथली रहिवासीच नाही. म्हणजे एका कार्डातून लग्नाने निघाली, दुसऱ्यातून नवऱ्याच्या प्रवासाने निघाली आणि तिसऱ्यात अजून शिरलेली नाही. या तीन कार्डांच्या मधल्या फटीत तिचा तिसरा महिना चालू आहे.

जाता जाता एक सांगतो. नोकरी सोडली म्हणून ईएसआयचे कार्ड त्याच दिवशी मरत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात वर्गणी भरली असेल तर तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. अट अशी की त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. घरातला माणूस नुकताच परदेशी गेला असेल आणि बायको इथे गरोदर असेल, तर कार्ड कपाटात टाकू नका. ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन आपला काळ कुठपर्यंत आहे ते विचारा.

लग्नाच्या दाखल्यापासून सुरुवात

बाळंतपणाचा कागद लग्नाच्या कागदापासून सुरू होतो. नवरा बायकोला परदेशी नेतो ते पत्नी म्हणून. तिचा व्हिसा त्या नात्यावर, तिचा विमा त्या व्हिसावर आणि तिचे बाळंतपण त्या विम्यावर उभे राहते. पहिलाच चिरा ढिला असेल तर वरचे काहीच टिकत नाही.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील देऊन, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लावलेले लग्न आपल्याला प्राणाहून प्रिय आहे. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेचे विवाह प्रमाणपत्र ही मानाची वस्तू आहे. ते जपून ठेवाच. पण परक्या देशाचा दूतावास मागतो तो सरकारी निबंधकाचा दाखला. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणीसाठी लग्नापासून ९० दिवसांची मुदत आहे. मुदत उलटली तर शुल्क वाढते, पण नोंदणी होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या विवाहाची नोंदणी सक्तीची करावी असा आदेश दिला. आमच्या अनुभवाने सांगतो, आपल्या वस्तीत हॉल, जेवण, बँड यांवर हजारो रुपये जातात आणि महापालिकेच्या कार्यालयात जायला एक दिवस कोणाला सापडत नाही.

अर्जावर तीन साक्षीदार लागतात, वयाचे व पत्त्याचे पुरावे लागतात, लग्नाची पत्रिका आणि फोटो लागतात. विवाह लावणाऱ्याच्या सहीच्या जागी आपल्या बौद्धाचार्यांची सही घ्यायची. ते गावी गेले, बदलीवर गेले की सही मिळवणे अवघड होते, म्हणून लग्नाच्या पंधरवड्यातच हे काम उरकावे. नवरा-बायको दोघांना हजर राहावे लागते. जावई रजेवर आला होता तेव्हा महिनाभर इथे होता. त्या महिन्यातला एक दिवस या कामाला दिला असता तर आजची धावपळ झाली नसती.

काही जण म्हणतात, पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आहे, मग दाखला कशाला? पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला २०१६ च्या अखेरीपासून सक्तीचा राहिलेला नाही. पण पासपोर्टचा नियम वेगळा आणि पत्नीच्या व्हिसाचा वेगळा. दाखला मिळाल्यावर त्यावर शिक्के घ्यावे लागतात. आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय आणि देशानुसार दूतावास किंवा अपोस्टीलचा शिक्का. आणखी एक काळजी घ्या. पासपोर्ट, आधार, शाळेचा दाखला आणि विवाह दाखला यांवर नाव एकसारखे हवे. एका कागदावर माहेरचे आडनाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर लग्नात बदललेले नाव, असे असेल तर महिने जातात. आणि पोटातले बाळ काही महिने थांबत नाही.

देश तसा नियम

आपल्या वस्तीतून जास्त मुले आखातात जातात. दुबईचा नियम असा, की २०१३ च्या आरोग्य विमा कायद्याने कामगाराचा विमा मालकाने काढायचा आणि बायको-मुलांचा विमा त्यांना बोलावणाऱ्याने, म्हणजे नवऱ्याने. तिथे बायकोला बोलावण्यासाठी पगाराचीही अट आहे. २०१९ मध्ये ठरल्याप्रमाणे महिना चार हजार दिरहॅम, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय. पण आपली मुले काम दुबईत करतात आणि भाडे कमी म्हणून खोली शारजा किंवा अजमानला घेतात. शारजा, अजमान आणि उत्तरेकडच्या इतर अमिरातींत खाजगी कामगारांच्या विम्याची सक्ती १ जानेवारी २०२५ पासून आली. ती सक्ती कामगाराच्या विम्याची आहे. बायकोचा विमा त्यात आपोआप येतो असे समजू नये. म्हणून जावयाला विचारायचा पहिला प्रश्न हा, की तुमचा व्हिसा कोणत्या अमिरातीचा? दुसरा प्रश्न, बायकोच्या पॉलिसीत बाळंतपण आहे का, किती रकमेपर्यंत आहे, सिझेरियन झाले तर काय, आणि दिवस गेल्यानंतर पॉलिसी काढली तर ते बाळंतपण धरतात का? कित्येक पॉलिसींत काही महिने थांबावे लागते. एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, पॉलिसीचे पान मागा.

बाळ तिथे जन्मले म्हणून त्याला तिथले नागरिकत्व मिळत नाही. ते भारतीयच. पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करायची असते, आणि अमिरातीत बाळाचा निवासी व्हिसा १२० दिवसांच्या आत काढावा लागतो, नाहीतर रोजचा दंड चढतो. बारशाच्या गडबडीत हे विसरायचे नाही.

इंग्लंडला पत्नीच्या व्हिसावर जाणाऱ्या मुलीला व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो माणशी वर्षाला १,०३५ पौंड झाला. रक्कम मोठी आहे, पण ती भरली की सरकारी आरोग्य सेवेत बाळंतपणाचे वेगळे बिल येत नाही. तीच मुलगी पाहुणी म्हणून गेली तर सरकारी दराच्या दीडपट बिल लागते. मात्र पैसे नाहीत म्हणून तिथला दवाखाना बाळंतपणाची सेवा नाकारू किंवा लांबवू शकत नाही. अडचणीत सापडलेल्या मुलीला हे माहीत असलेच पाहिजे, कारण बिलाच्या भीतीने तपासणी टाळणाऱ्या मुलीच जास्त धोक्यात येतात.

अमेरिकेत सारे नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यावर अवलंबून असते. लग्न झाले किंवा बाळ जन्मले की साधारणपणे ३० दिवसांच्या आत त्यांचे नाव विम्यात घालावे लागते. दिवस चुकला तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबायची पाळी येते. तिथल्या १९७८ च्या कायद्याने कंपनीच्या विम्यातून गरोदरपण वगळता येत नाही, आणि २०१४ पासून आधीच दिवस गेलेले आहेत म्हणूनही विमा नाकारता येत नाही. पण लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईचा विमा वेगळा काढावा लागतो, तो कोणी लक्षात ठेवत नाही. जर्मनीत उलट सोपे आहे. नवरा सरकारी विम्यात असेल आणि बायकोला कमाई नसेल, तर ती वेगळा हप्ता न भरता त्याच्याच विम्यात येते.

देश कोणताही असो, एक फरक सगळीकडे दिसतो. पत्नी म्हणून रीतसर गेलेल्या बाईला काहीतरी आधार असतो. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला जवळजवळ काहीच नसतो. व्हिजिट व्हिसा लवकर मिळतो, पण तो भेटीसाठी आहे. बाळंतपणासाठी नाही.

माहेरचे बाळंतपण

माहेरच्या बाळंतपणाची रीत जुनी. काही तरुण तिला मागासलेपणा म्हणतात. आम्ही तसे म्हणत नाही. बाळंतिणीला आईच्या हातचे डिंकाचे लाडू, शेकशेगडी आणि रात्री बाळ रडले तर घेणारे दोन हात मिळतात, हे काही लहानसहान नाही. परक्या देशात चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत, नवरा बारा तास ड्युटीवर, शेजारी कोणाची भाषा कळत नाही, अशा वेळी पहिलटकरणीचे काय होते याचा विचार नवऱ्यानेही करावा.

शिवाय इथे काही हक्काचे आहे. मीरा रोडला इंदिरा गांधी रुग्णालय आहे, भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात. त्यासाठी वेळेत नाव नोंदवावे लागते, म्हणून तिसरा महिना लागताच आशाताईंना गाठावे.

पण माहेरी येणाऱ्या परदेशस्थ मुलीनेही कागद पाहावा. अमिरातीचा साधा निवासी व्हिसा असताना सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिले तर तो रद्द होऊ शकतो. सातवा महिना उलटला की बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर सहसा बसू देत नाहीत. तेव्हा यायचे तर सहाव्या-सातव्या महिन्यात यावे आणि परतीचा हिशेब आधीच मांडावा.

मुलगी काय म्हणाली

आम्ही हे सारे बोलत होतो तोवर चहा गार झाला. आई वडिलांकडे बघत होती, वडील आमच्याकडे बघत होते. मुलीला कोणीच विचारले नव्हते. शेवटी आम्हीच विचारले, "बाळा, तुझं काय म्हणणं?"

ती म्हणाली, "मला जायचंय. पण पाहुणी म्हणून नको. आणि तिकडं माझा पासपोर्ट माझ्याजवळ राहील ना?"

दहावी शिकलेली पोर. आम्ही तासभर कायदे सांगितले, तिने दोन वाक्यांत मुद्दा सांगितला.

त्याच संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन लावला. तो आधी रागावला. मित्रांच्या बायका येऊन राहिल्या, तुलाच काय झाले, म्हणाला. मग ती शांतपणे एकेक प्रश्न विचारत गेली. व्हिसा कुठला, पॉलिसी कुठली, बाळंतपण त्यात आहे का? एकाचेही उत्तर त्याच्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीच्या ऑफिसात चौकशी केली आणि स्वतःच सांगितले, "इथं शारजाचा व्हिसा आहे, तुझा विमा मला वेगळा काढावा लागेल, आणि आता काढला तर हे बाळंतपण धरणार नाहीत." आता ठरले ते असे. बाळंतपण इथेच. बाळंतपणाच्या सुमारास तो रजेवर येईल तेव्हा विवाह नोंदणी, त्यानंतर शिक्के, बाळाचा पासपोर्ट, आणि मग आई-लेकरू दोघे निवासी व्हिसावर विम्यासह जातील. सहा-आठ महिने लांबेल. लांबू दे.

सगळ्यांनी असेच करावे असे आमचे म्हणणे नाही. कोणाचा विमा चांगला असेल, कोणाला इथे आईच नसेल. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण तिकीट काढण्याआधी घ्यावा आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला विचारून घ्यावा.

प्रत्येक विवाहित मुलीजवळ तिची स्वतःची एक फाईल असावी, सासऱ्याच्या कपाटात नव्हे, तिच्या हाताशी. त्यात पासपोर्ट, विवाह दाखला, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, तपासणीचे कागद, विम्याचे पान आणि त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा पत्ता. भारताच्या वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, अडलेल्या भारतीयाला औषधोपचारासाठी त्यातून मदत होऊ शकते. २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' व्यवस्थेवर तक्रारही नोंदवता येते. हे आपल्या मुलीला जाण्याआधी लिहून द्या.

एक सूचना विहारांच्या कार्यकर्त्यांना. लग्न लागले, आशीर्वाद झाले, की त्याच मंडपात बौद्धाचार्यांनी नोंदणीचा अर्ज भरून सह्या घेतल्या तर किती बरे होईल! तीन साक्षीदार तिथेच जेवायला बसलेले असतात. आमच्या केबिन रोडवर पुढच्या लग्नापासून हे करायचे ठरले आहे. आपल्या वस्तीतही करून पाहा आणि आम्हाला कळवा.

मुलगी आता रोज सकाळी वंदनेला येते. पिशवी बदलली आहे, आता निळी फाईल आहे. ती ती कोणाच्या हातात देत नाही.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.